तुटक रेघेचा भरवसा

डोंगरांतून, जंगलांतून, खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्या प्रत्येक टोळीत एक जण मार्ग आखणारा असतो. बाकीचे नुसते चालवणारे. चालवणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही. आदल्या रात्री उशिरा फोनवर एक फाईल येऊन पडते. तिच्यात एक रंगीत रेघ असते, रेघेखाली अंतर आणि चढाईचे आकडे असतात, आणि सोबत एक वाक्य : "यावेळी डांबर जवळजवळ नाहीच!" हे वाक्य त्याने आनंदाची बातमी म्हणून लिहिलेलं असतं.

आमच्या टोळीतल्या या गृहस्थाला आम्ही सर्व्हेअर म्हणतो. त्याने जन्मात जमीन मोजलेली नाही. नकाशा मात्र तो दोन बोटांनी ताणून ताणून इतका मोठा करतो, की पडद्यावर ओढ्याची नदी होते. आणि तरीही ती ओलांडायची कशी, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याचा सगळा जीव रेघेत. जाड रेघ त्याला आवडत नाही, कारण जाड रेघेवरून मोटारी जातात. बारीक रेघ बरी. पण तुटक रेघ दिसली की त्याचे डोळे लकाकतात. "इथून कुणी जात नसणार," असं तो कौतुकाने म्हणतो. कुणी का जात नसेल, हे मात्र दुसऱ्या दिवशी आम्हाला कळतं.

आधी वाहनाबद्दल थोडं. ग्रॅव्हल सायकल तडजोडीतून जन्माला आली आहे. हँडल शर्यतीच्या सायकलचं, खाली वळलेलं. टायर चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, दातेरी. हादरे झेलणारं सस्पेन्शन बहुतेक वेळा नाहीच. ते काम कोपर, गुडघे आणि कंबर यांनी आपसात वाटून घ्यायचं. विकणारा सांगतो, "ही कुठेही जाते." खरं आहे, ती जाते. डांबरावर रोडबाईकवाले आपल्याला मागे टाकून जाताना "या सावकाश" म्हणतात, दगडाळ उतारावर माउंटन बाईकवाले उड्या मारत जाताना "सांभाळून या" म्हणतात. दोन्हीकडून काळजी करून घेणारं असं दुसरं वाहन माझ्या पाहण्यात नाही.

निघण्याआधी हवेची चर्चा होते. टायरमध्ये हवा किती भरावी, यावर दोन ग्रॅव्हलवाल्यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. जास्त भरली तर प्रत्येक खडा मणक्याशी थेट बोलतो. कमी भरली तर टायर दगडावर चेपून रिमला दणका बसतो. एक जण ३५ पीएसआयवर ठाम असतो, दुसरा २८वर, आणि तिसरा शांतपणे विचारतो, "तुमचं वजन किती?" हा प्रश्न निघाला की चर्चा आपोआप मिटते. पण या वादाला घराणं आहे. बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलला हादरे कमी बसावेत, एवढ्यासाठी त्याने हा उद्योग केला होता. पुढे लक्षात आलं, की रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने असंच पेटंट १८४५ सालीच घेऊन ठेवलं होतं. डनलॉपचं पेटंट रद्द झालं. हवेचा टायर कुणाचा यावरच जिथे एकमत नव्हतं, तिथे त्यात हवा किती यावर ते होणार कुठून?

असो. हवा भरली जाते, अंगठ्याने टायर दाबून पाहिले जातात, आणि मग सर्व्हेअर चढाईचा आकडा जाहीर करतो.

"साडेसातशे मीटर. काहीच नाही."

"गेल्या वेळीही काहीच नव्हतं."

"गेल्या वेळी झाडी जास्त होती."

हे उत्तर मला बरेच दिवस टोलवाटोलवी वाटायचं. मग हे आकडे येतात कुठून, ते मी मुद्दाम वाचून काढलं. शत्रूची माहिती असलेली बरी. झालं असं, की फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अमेरिकेचं अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्याने रडारच्या लहरी सोडून जमिनीच्या बहुतेक भागाची उंची मोजून आणली. पुष्कळशा नकाशांच्या पोटात आजही ती मोजणी आहे. काम अफाट होतं, यात शंका नाही. पण घनदाट जंगलात त्या लहरी जमिनीपर्यंत पुरत्या पोचल्याच नाहीत, झाडांच्या फांद्या-पानांवरूनच परत फिरल्या. त्यामुळे जंगलातल्या डोंगराच्या उंचीत झाडांची उंचीही थोडीफार मिसळलेली आहे. जिथे एखादा पट्टा तोडून मोकळा केला होता, तिथे आलेखात खड्डा दिसतो. प्रत्यक्षात तिथे सपाटी असते. सर्व्हेअर शेंड्यांवरून मार्ग आखतो आणि आम्ही बुंध्यांशेजारून जातो, एवढाच काय तो फरक.

दुसरी गंमत याहून बारीक आहे. या मोजणीत सुमारे तीस-तीस मीटरवर एकेक ठिपका आहे. आता वीस मीटर रुंदीची एखादी घळ घ्या. एक ठिपका अलीकडच्या काठावर, दुसरा पलीकडच्या. मधल्या घळीला ठिपकाच नाही, म्हणजे आलेखात घळच नाही. रेघ या काठावरून त्या काठावर अलगद निघून जाते. तिथे मी सायकल खांद्यावर टाकून, रानवेलींना धरून खाली उतरलेलो आहे, पाण्यातून गेलेलो आहे आणि पलीकडच्या मातीत बोटं रोवून वर आलेलो आहे. चढाई : शून्य मीटर. अशा घळी दर मैलाला दोन-तीन भेटल्या, की दिवसभर सपाटीवर राहूनसुद्धा छातीचा भाता होतो.

संध्याकाळी आणखी एक सोहळा असतो. प्रत्येकाच्या हँडलवरचं यंत्र चढाईचा वेगळा आकडा सांगतं. कुणाचं यंत्र उपग्रहावर विसंबून असतं, कुणाचं हवेच्या दाबावर. कुठलं यंत्र मीटरभराचा उंचवटा धरतं, कुठलं सोडून देतं. रस्ता एक, सायकली सारख्या, आणि आकड्यांत शंभर-दीडशे मीटरची तफावत. मग सर्वानुमते सगळ्यांत मोठा आकडा खरा मानला जातो. दाबावर चालणाऱ्या यंत्राचं तर मला विशेष प्रेम आहे. आभाळ भरून आलं, दाब घटला, की झाडाला टेकवून ठेवलेली सायकल जागच्या जागी डोंगर चढू लागते. हीच एक चढाई मला मनापासून आवडते.

पण चढाई परवडली. खरा घोळ रस्त्याचा असतो.

जंगलातला रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला जात नाही, ही गोष्ट मार्ग आखणाऱ्यांना कुणीतरी पाटीवर गिरवून घेतली पाहिजे. तो रस्ता बांधलेलाच असतो लाकूड खाली आणण्यासाठी. दरीतल्या मोठ्या रस्त्यापासून तो सुरू होतो. ओंडक्यांनी भरलेला ट्रक ब्रेक न जळता खाली यावा, म्हणून त्याचा चढ साधारण दहा-बारा टक्क्यांच्या आत ठेवतात आणि डोंगराला बगल देत देत, प्रत्येक घडीत आत शिरून पुन्हा बाहेर येत, तो वर जातो. समोरचं वळण हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला अर्धा तास लागतो. वर गेल्यावर त्याला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे. नकाशावर पाहावं तर पानाच्या शिरा. आणि शीर जशी पानाच्या कडेला जाऊन संपते, तसा प्रत्येक फाटा एका छोट्या सपाट जागेवर जाऊन संपतो. तिथे ओंडके रचायचे आणि ट्रक वळवायचा. झालं रस्त्याचं काम. पुढे जायचं त्याला कारणच नाही.

सर्व्हेअरला कारण दिसतं. या डोंगराचा फाटा इथे संपतो, त्या डोंगराचा तिथे, मधे बोटाच्या पेराएवढं अंतर आणि त्यात एक तुटक रेघ. "जोडवाट," तो म्हणतो.

या तुटक रेघेवर माझा राग नाही, कारण ती कधी खोटं बोलत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला खुला नकाशा २००४ साली सुरू झाला. त्यात असल्या रस्त्यांना पाच प्रती आहेत : पहिली म्हणजे डांबरी किंवा चांगला दाबून घट्ट केलेला, आणि तिथून मऊ होत होत पाचवी म्हणजे निव्वळ माती-गवत, जिथे रस्ता बांधण्याचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. माहिती लिहिलेली असते. सर्व्हेअर ती वाचतो. मग "पाचवी प्रत आहे, म्हणजे वर्दळ कमी," असा निष्कर्ष काढून तो पुढची रेघ जोडतो. एवढी स्वच्छ माहिती इतक्या निर्मळ मनाने बाजूला सारणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे.

अशाच एका चढावर आम्हाला एक आजोबा भेटले. भेटले म्हणजे मागून चालत आले. इथे गिअरचं थोडं गणित सांगायला हवं. माझ्या सायकलला पुढे ४० दात्यांचं चक्र आहे आणि मागचं सगळ्यांत मोठं ४२ दात्यांचं. म्हणजे पेडलाच्या एका फेऱ्यात मागचं चाकही जेमतेम एकदा फिरतं आणि सायकल दोन मीटरच्या आसपास पुढे सरकते. दमलेला माणूस चढावर मिनिटाला चाळीस फेरे मारतो. हिशेब करा : ताशी पाच किलोमीटर. हा वेग चालणाऱ्या माणसाचा, आणि चालणारा माणूस सरळ चालतो. मी तोल सांभाळण्यासाठी रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जात होतो, म्हणजे माझं अंतर जास्त. आजोबा सहज बरोबरीला आले.

"वर कुठं निघालात?" त्यांनी विचारलं.

उत्तर देण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता. सर्व्हेअर थांबला, खिशातून फोन काढला आणि मोठ्या अदबीने म्हणाला, "आजोबा, इथून वर गेलं की पलीकडच्या डोंगरावर उतरता येतं ना?"

"रस्ता वर संपतो. ओंडक्यांची जागा आहे तिथं."

"हो, पण त्याच्यापुढे वाट आहे. हे बघा, रेघ आहे."

आजोबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग डोंगराकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे पाहिलं.

"आहे बाबा रेघ," ते म्हणाले. "आम्ही ओंडके ओढायचो, ती वाट ही."

सर्व्हेअरने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं.

"पण ओंडका खालीच येतो की रे," आजोबा फोन परत देत म्हणाले. "वर कुणी नेत नाही."

एवढं बोलून ते आपल्या वाटेने गेले. याहून अचूक मार्गदर्शन मला कुठल्याही यंत्राकडून मिळालेलं नाही. ते ऐकून आम्ही वरच गेलो.

ओंडके ओढायची वाट कशी असते ते सांगतो. ती वळत नाही. तोडलेलं लाकूड शक्य तितक्या कमी कष्टांत खाली आणायचं, म्हणून ती उताराच्या दिशेने सरळ असते. ओंडक्यांनी मधे चर पाडलेला असतो, पुढे त्या चराला पावसाने आपला म्हटलेला असतो. वरचं काम संपून काही वर्षं झाली, की त्यात काटेरी झुडपं उगवतात आणि त्यांच्यावर पानांचा मऊ गालिचा पडतो. उपग्रहाच्या चित्रात मात्र ती झाडीतून जाणारी एक सुरेख फिकट पट्टी दिसते. वरून सगळंच सुरेख दिसतं. त्या अंतराळयानालासुद्धा दिसलं असेल.

सायकल ढकलणं हा वेगळाच व्यायाम आहे. सपाटीवर ती दहा किलोची असते. ढकलू लागलं की आधी तिचं पेडल नडगीवर बसतं. नडगी चोळायला वाकावं, तर हँडल वळून पोटात घुसतं. डावीकडून ढकलावं तर चर डावीकडे असतो, उजवीकडून ढकलावं तर चेन पोटरीवर आपला छाप उमटवते. शिवाय क्लीटवाले बूट! त्यांचा तळवा पेडलात अडकण्यासाठी कडक केलेला असतो, आणि ओल्या दगडावर तो कशातच अडकत नाही. मी दोन पावलं वर जात होतो आणि एक खाली येत होतो. माझ्या मागचा गडी तेच करत होता, पण त्याची ताल चुकली होती. त्यामुळे माझं खाली येणं आणि त्याचं वर जाणं एकाच वेळी व्हायचं. पुढच्यास ठेच आणि मागचा शहाणा, असं म्हणतात. आमच्यात पुढच्यास ठेच लागते, मागचा त्याच्यावर येऊन पडतो आणि शहाणा कुणीच होत नाही.

आणि या सगळ्यात हँडलवरचं यंत्र बोलत असतं. दाट पानांखाली उपग्रहांचे संदेश अडखळत येतात, काही समोरच्या कड्यावर आपटून उशिरा पोचतात. मग यंत्राला आपण शेजारच्या दरीत आहोत असं वाटू लागतं. "तुम्ही मार्ग सोडला आहे," ते टुणटुण करत सांगतं. दोन्ही हातांना काट्यांची भिंत, पुढे चर, मागे मित्र. मार्ग सोडून जाण्याची इतकी तीव्र इच्छा आणि इतकी कमी सोय मी एकाच जागी कधी पाहिली नव्हती. नंतर ते म्हणालं, "शक्य झाल्यास मागे वळा." इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याचं आणि माझं मत जुळलं होतं.

सर्व्हेअरकडे अशा प्रसंगांसाठी दाखले तयार असतात. "अरे, कॅन्ससच्या अनबाउंड शर्यतीत काय झालं माहितीये? २०२३ ला? दोनशे मैलांची शर्यत, जगातले एकाहून एक चालवणारे, आणि सुरुवातीलाच चिखलात सायकली खांद्यावर!" दाखला खरा आहे. एम्पोरिया गावातून २००६पासून ही शर्यत निघते. तिथल्या टेकड्यांत गारगोटीचे इतके धारदार दगड आहेत, की टायर कापले जाणं हा शर्यतीचाच भाग धरतात. पण त्या लोकांना पुढे चषक असतो, टाळ्या असतात. आमच्यापुढे ओंडक्यांची जागा होती.

चिखलाचा विषय निघालाच आहे, तर चिकणमाती. तिच्या वाटेला जाऊ नये. ती टायरला चिकटते, टायरवरच्या मातीला आणखी माती चिकटते, आणि टायर आणि फ्रेममधली बोटभर जागा भरली की चाक फिरायचं थांबतं. मग मातीसकट सायकल उचलायची. अनुभवी लोक खरवडायला एक चपटी काठी जवळ ठेवतात. सर्व्हेअरकडे अशी काठी आहे, आणि ती तो कुणाला देत नाही. नेतृत्वाची म्हणून काही साधनं असतात.

वर पोचेपर्यंत एकाचा गिअर-हँगर वाकला. गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो, तो हा हँगर. पुष्कळ सायकलींत तो मुद्दाम मऊ धातूचा करतात : दगडाचा दणका बसला तर आधी त्याने वाकावं, मोडावं, पण फ्रेम वाचवावी. बनवतानाच त्याच्या नशिबी बळी जाणं लिहिलेलं. त्याच्याबद्दल मला आपुलकी वाटते. त्याचा वाकडा देह हातात घेऊन आम्ही ओंडक्यांच्या त्या सपाट जागेवर गोल उभे राहिलो. सर्व्हेअर एकटाच आसपासच्या झाडीत डोकावून रेघेचं पुढचं टोक शोधत होता. ते मिळालं. तेही खालीच जात होतं.

उतार लागला, की चढाचे सगळे शाप माणूस मागे घेतो, असं चढणारे म्हणतात. तेवढ्यासाठी उताराला ताजी खडी टाकलेली नसावी लागते. बारीक, दाबलेल्या खडीचा रस्ता कसा बांधावा, हे जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने दोनशे वर्षांपूर्वी सगळ्यांना पटवून दिलं. १८१६ साली तो ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला. (खरा सर्व्हेअर.) सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, जड दगड नको, असा त्याचा दंडक होता. मजुरांनी दगड तोंडात मावतो का ते पाहून आकार ठरवावा, अशी एक आख्यायिकाही सांगतात. लहान, कोनदार तुकडे गाड्यांच्या वजनाने एकमेकांत बसत जातात आणि घट्ट थर होतो. जंगलातल्या त्या उतारावर टाकलेले दगड तोंडात मावायला तोंड भलतंच मोठं हवं. आमच्यातले एक-दोन जण पात्र ठरले असते. पण ते त्या वेळी ओरडण्यात गुंतले होते. दगड एकमेकांत बसलेले नव्हतेच; ट्रकांची वाट पाहत पसरले होते. पुढचं चाक एका दिशेला, मागचं दुसऱ्या, आणि ब्रेक दाबला की दोन्ही मिळून तिसऱ्या.

मोठी खडी संपली की बारीक खडी येते, आणि बारीक खडीवर लाटा असतात. रस्त्याला आडव्या, एकामागून एक, हातभर अंतराच्या, मैलभर. यांनी होणाऱ्या हालांचं वर्णन बसल्या जागी करता येत नाही, कारण बसता येत नाही. डोळ्यांतली बुबुळं वेगळी हलतात, गाल वेगळे हलतात. बोटं ब्रेकवर आहेत का, ते पाहून खात्री करावी लागते, आणि पाहिलं तर दहाच्या ठिकाणी वीस दिसतात. या लाटांवर २००७ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिला. फिरत्या गोल पाटावर वाळू पसरून त्यांनी तिच्यावरून एक छोटं चाक फिरवलं. चाक बदला, वाळू बदला, लाटा उठतातच. गाडीच्या स्प्रिंगा, इंजिनाची थरथर, कशाचाही दोष नाही. वाळूवरून चाक एका ठरावीक वेगाच्या वर गेलं की सपाट पृष्ठभाग स्वतःहून लाटांचा होतो. त्या वेगाच्या खाली राहिलं, तर रस्ता सपाट राहतो.

हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. कारण चढावर आमच्या वेगाने लाट उठण्याची शक्यताच नाही. रस्त्याची अशी काळजी घेणारे प्रवासी विरळा. दुःख इतकंच, की लाटा उठवतात ट्रकवाले आणि त्या भोगतो आम्ही. वळणाच्या आधी, जिथे सगळे ब्रेक मारतात, तिथे त्या सर्वांत खोल असतात. म्हणजे सायकल ताब्यात हवी नेमकी त्याच जागी ती हवेत असते.

तिथेच पंक्चर झालं. माझे टायर ट्यूबलेस आहेत, म्हणजे आत ट्यूबऐवजी रबराच्या चिकाचं पांढरं सीलंट असतं. काटा शिरला की ते छिद्रातून बाहेर येताना तिथेच थिजतं आणि छिद्र बुजतं. काट्यांच्या बाबतीत हे औषध अक्सीर आहे. कडेला फाटलेल्या टायरच्या बाबतीत ते आधी एक कारंजं दाखवतं. छिद्र कुठे आहे ते बघायला सर्व्हेअर अगदी जवळ वाकला होता. मी चाक हळूच फिरवलं. त्या दिवसाचं माझं सगळं समाधान त्या एका फेऱ्यात आहे.

टायरची फाटकी कड आतून कागदी वेष्टन लावून, ट्यूब घालून, पुन्हा हवा भरून, ३५ की २८ यावर पुन्हा वाद घालून आम्ही ओढ्याकाठी बराच वेळ काढला. दोघे जण चक्क आडवे झाले होते. हँगरवाल्याने चेन तोडून लहान केली आणि एकाच गिअरवर तो घरी आला, असं तो सांगतो. आम्ही पाहिलं तेव्हा तो चालत होता.

घरी पोचल्यावर निदान सगळं संपायला हवं. पण मार्ग आखणाऱ्याचं खरं काम तेव्हा सुरू होतं. त्याने प्रवासाची नोंद इंटरनेटवर चढवली. यंत्राने ढकलण्याचा वेळ "सायकल चालवली" या सदरात टाकला, कारण चाकं तर फिरत होती. सरासरी वेग कमी आला. त्याचं कारण यंत्राच्या मते "आल्हाददायक सहल". आणि जिथून जास्त लोक गेले ती रेघ उजळ दाखवणारा जो नकाशा असतो, त्यात ओंडक्यांची ती वाट पुढच्या वेळी आमच्या संख्येइतकी उजळ होणार. ती पाहून आणखी कुणी सर्व्हेअर "लोक जातात की इथून" म्हणणार, आपल्या टोळीला घेऊन येणार, ढकलणार, आणि ती आणखी उजळणार. काही वर्षांत तो त्या डोंगरावरचा सर्वांत लोकप्रिय मार्ग होईल, आणि त्याच्यावरून सायकल चालवलेला एकही माणूस सापडणार नाही.

परवाच सर्व्हेअरला एका अनोळखी माणसाचा निरोप आला. त्याने आमच्या मार्गाचा बारकाईने अभ्यास केला होता. "ओढ्याजवळ तुम्ही सगळे बराच वेळ थांबलेले दिसता," त्याने विचारलं होतं, "तिथे पाहण्यासारखं काही आहे का?"

सर्व्हेअरने मला न विचारता उत्तर धाडलं : "चुकवू नका. तिथून कुणाचा पाय निघत नाही."